चौसष्ट कला, तक्षशिला आणि नवें शिक्षणधोरण : साक्षीपुराव्याचें परीक्षण

सरकारी धोरणाच्या कागदाचें परीक्षण इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत कशाला, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. त्याचें उत्तर सोपें आहे. जो कोणी आपल्या पक्षाच्या पुष्टीसाठीं इतिहासास साक्षीला बोलावतो, त्याचा साक्षीदार तपासून पाहण्याचा अधिकार इतिहासाच्या अभ्यासकांस आपोआप प्राप्त होतो. केंद्रीय मंत्रिमंडळानें २९ जुलै २०२० रोजीं मान्य केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत असे साक्षीदार बोलावलेले आहेत. उच्च शिक्षण लवचीक व बहुविद्याशाखीय व्हावें, हें त्या धोरणाचें एक मुख्य सूत्र आहे. आणि तें सूत्र परकें नसून आपल्याच परंपरेंतील आहे हें दाखविण्यासाठीं त्याच्या अकराव्या प्रकरणाच्या आरंभीं तक्षशिला, नालंदा, बाणभट्टाची कादंबरी आणि चौसष्ट कला यांचीं नांवें घेतलीं आहेत. धोरण मान्य होऊन पांच वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यावर अनुकूल-प्रतिकूल पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु ह्या साक्षीदारांस पुन्हां उभें करून ते खरोखर काय सांगतात हें विचारण्याचे श्रम फारसे कोणीं घेतलेले आमच्या पाहण्यांत नाहींत. ते येथें घेण्याचा विचार आहे.

प्रथम धोरणाचें म्हणणें थोडक्यांत सांगतों. श्री. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०१९ सालीं जो मसुदा सादर केला, त्याच्या आधारें हें धोरण तयार झालें व १९८६ सालच्या धोरणाची जागा त्यानें घेतली. पदवीचा अभ्यासक्रम तीन किंवा चार वर्षांचा. विद्यार्थ्यानें एका वर्षानंतर शिक्षण सोडल्यास त्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. चार वर्षांचा बहुविद्याशाखीय अभ्यासक्रम अधिक पसंतीचा. मिळविलेले श्रेयांक, ज्यांस महाविद्यालयांत सर्रास क्रेडिट म्हणतात, एका पेढींत जमा राहावयाचे व विद्यार्थ्यानें पुढें परत येऊन ते वापरावयाचे. २०४० पर्यंत सर्व उच्च शिक्षणसंस्था बहुविद्याशाखीय व्हाव्या व प्रत्येकींत शक्यतों ३,००० किंवा अधिक विद्यार्थी असावे. उच्च शिक्षणांतील स्थूल पटनोंदणीचें प्रमाण २०१८ मधील २६.३ टक्क्यांवरून २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यावें. विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें ह्या सूत्रास धरून पदवीचा आराखडा प्रसिद्ध केला. महाराष्ट्रांतील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

ह्यांत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें. एक, शिक्षणाचा विस्तार, म्हणजे अनेक विद्यांचा परिचय. दुसरी, शिक्षणांतून मध्येंच बाहेर पडण्याची सोय. धोरणांत ह्या दोहोंसाठीं ‘लवचीक’ हें एकच विशेषण येतें, व दोहोंमागें परंपरेचा एकच आशीर्वाद उभा केला जातो. हा आशीर्वाद पहिल्या गोष्टीस कितपत लागू पडतो, आणि दुसरीस मुळींच लागू पडतो काय, हा आमच्या परीक्षणाचा विषय आहे.

पहिला साक्षीदार बाणभट्ट. धोरणाचें विधान असें कीं, उत्तम शिक्षण म्हणजे चौसष्ट कलांचें ज्ञान असें वर्णन कादंबरीसारख्या प्राचीन ग्रंथांत आहे, आणि त्या चौसष्टांत गायन व चित्रकला ह्यांच्याबरोबर रसायन, गणित, सुतारकाम, वस्त्रें तयार करणें, वैद्यक व यंत्रविद्या यांचाहि समावेश होता. सातव्या शतकांतील ह्या ग्रंथांत उज्जयिनीचा राजा तारापीड याचा पुत्र चंद्रापीड याच्या शिक्षणाचें जें वर्णन आहे, तेंच येथें अभिप्रेत असलें पाहिजे. तें वर्णन मुळांतून वाचणाऱ्यास तीन गोष्टी दिसतात. चंद्रापीड व्याकरण, मीमांसा, न्याय, धर्मशास्त्र आणि राजनीति येथून आरंभ करून शस्त्रविद्या, अश्वविद्या, वाद्यें, नृत्यशास्त्र, चित्रकर्म, ग्रहगणित, रत्नपरीक्षा, लांकूडकाम, वास्तुविद्या, आयुर्वेद, यंत्रप्रयोग, भुयारें फोडणें, पोहणें, इंद्रजाल, काव्य, पुराणें, सर्व लिपी आणि सर्व देशभाषा एथवर जातो. यादी खरोखरच विस्तीर्ण आहे. परंतु तींत चौसष्ट हा आंकडा नाहीं. बाण ‘कलांचा समूह’ अशा अर्थाचा शब्द योजतो व यादीच्या शेवटीं ‘इतर कला’ म्हणून मोकळा होतो.

चौसष्टांची जी यादी सर्वांत प्रसिद्ध आहे ती वात्स्यायनाच्या कामसूत्राच्या विद्यासमुद्देश नामक अध्यायांतील. तींत गीत, वाद्य, नृत्य, आलेख्य आहेत. शिवणकाम, वेताचें विणकाम, सुतारकाम, वास्तुविद्या, धातुवाद, रत्नांची पारख आहे. फुलांच्या शय्या, सरबतें, पोपट-मैनांस बोलावयास शिकविणें आणि एडक्यांच्या व कोंबड्यांच्या झुंजीहि आहेत. पण तींत गणित नाहीं. आणि वैद्यक म्हणावें तर तें झाडांचें आहे, माणसांचें नाहीं. तात्पर्य, धोरणकर्त्यांनीं आंकडा वात्स्यायनाचा घेतला, वैद्यक व गणित बाणाचें घेतलें, आणि दोहोंची मोट बांधून ती कादंबरीच्या नांवावर घातली. जैन ग्रंथांत पुरुषांच्या कला बहात्तर आहेत व त्यांत लेखन आणि गणित यांस अग्रस्थान आहे. गणिताचा पुरावा हवा होता तर तो तेथें मिळाला असता. असले दोष एखाद्या विद्यार्थ्याच्या निबंधांत आम्ही तांबड्या शाईनें दाखवून सोडून दिले असते. राष्ट्राच्या धोरणांत ते राहावे हें बरें दिसत नाहीं. तथापि केवळ तेवढ्यावरून धोरण चुकीचें ठरत नाहीं, हेंहि आम्ही मान्य करतों.

अधिक महत्त्वाचा दोष विद्या आणि कला ह्यांच्या मिश्रणाचा आहे. आपल्या शास्त्रकारांनीं हीं दोन नांवें उगाच वेगळीं ठेविलीं नाहींत. याज्ञवल्क्यस्मृतींत विद्यास्थानें चौदा सांगितलीं आहेत : चार वेद, सहा वेदांगें, पुराण, न्याय, मीमांसा व धर्मशास्त्र. शुक्रनीतिसारांत, त्या ग्रंथाच्या काळाविषयीं पंडितांत मतभेद असला तरी, भेदाचें लक्षण मोठें मार्मिक दिलें आहे : जें वाणीनें साधावयाचें ती विद्या, आणि जें मुक्यासहि करतां येतें ती कला. धोरणांत मात्र ‘अनेक कलांचें ज्ञान’ म्हणजेच पाश्चात्य विद्यापीठांतील ‘लिबरल आर्ट्‌स’ असें समीकरण मांडून तें पुन्हां भारतीय शिक्षणांत आणावें असें म्हटलें आहे. हें समीकरण जुळत नाहीं. लॅटिन परंपरेंतील त्या सात विद्या स्वतंत्र नागरिकास शोभणाऱ्या म्हणून निवडलेल्या होत्या, आणि हातानें करावयाचे कारागिरीचे उद्योग त्यांतून बुद्ध्याच वगळले होते. आमच्या कलांच्या यादींत सुतार आणि शिंपी दोघेहि आहेत. हा आमचा विशेष होता. समीकरण करतांना नेमका तोच पुसला गेला.

मात्र ह्या विशेषाचा अभिमान धरण्यापूर्वीं एक प्रश्न विचारला पाहिजे. यादींत सुतारकाम होतें. पण सुताराच्या मुलास ती यादी मिळत होती काय? चंद्रापीडासाठीं राजानें नगराबाहेर सिप्रेच्या कांठीं तट व खंदक असलेलें विद्यामंदिर बांधविलें, सर्व विद्यांचे आचार्य तेथें आणून ठेविले, आणि सहाव्या वर्षीं आंत गेलेला राजपुत्र दहा वर्षें तेथेंच राहून सोळाव्या वर्षीं बाहेर पडला. वात्स्यायनाच्या कला नागरकासाठीं, गणिकेसाठीं, राजकन्या व अमात्यकन्या यांसाठीं आहेत. पतिवियोगांत किंवा संकटांत सांपडलेली स्त्री परदेशांतहि ह्या कलांवर निर्वाह करूं शकेल, हेंहि तो सांगतो व तें त्यास भूषणावह आहे. परंतु सुताराचा मुलगा सुतारकाम शिके तें बापाच्या हाताखालीं, आणि तेवढेंच शिके. व्याकरण, न्याय, ग्रहगणित हीं त्याच्या वाट्यास येत नसत. म्हणजे जुन्या काळीं विस्तार हा सवड असणाऱ्याचा होता. ज्यास पोटासाठीं लवकर कामास लागावें लागे, त्याच्या वाट्यास एकच धंदा येई. बाणाच्या साक्षीचा खरा अर्थ हा आहे.

दुसरा साक्षीदार तक्षशिला. ह्या नगरास विद्यापीठ म्हणण्याची चाल आतां रूढ झाली आहे. ती सैल आहे, हें कोल्हापूरकडचे थोर पंडित डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनीं प्राचीन भारतीय शिक्षणावरील आपल्या १९३४ सालच्या इंग्रजी ग्रंथांतच स्पष्ट केलें आहे. आजच्या अर्थानें तेथें महाविद्यालय नव्हतें, विद्यापीठ नव्हतें, एक अभ्यासक्रम नव्हता, एक परीक्षा नव्हती. नामांकित आचार्य होते आणि ज्याचे त्याचे शिष्य होते. सर जॉन मार्शल यांनीं १९१३ ते १९३४ पर्यंत तेथें उत्खनन केलें. स्तूप, विहार व नगरांचे अवशेष निघाले, पण ह्या आचार्यांस एका संस्थेंत बांधणारा पुरावा निघाला नाहीं. आपली माहिती मुख्यतः पालि जातकांतून येते, आणि जातकें ह्या कथा आहेत. त्यांतील ‘पांचशें शिष्य’ व ‘सहस्र नाणीं’ हे ठरीव आंकडे आहेत, हिशेबाच्या वहींतील नव्हेत, हें विसरतां कामा नये.

तथापि कथाकारास जें स्वाभाविक वाटतें त्यावरून चालीरीतीचा अंदाज येतो. तीन वेद व अठरा शिल्पें असा अभ्यासाचा विस्तार जातकांत वारंवार येतो. शिष्य सोळाव्या वर्षाच्या सुमारास येतात. आमच्या विषयास सर्वांत उपयोगी आहे तें तिलमुट्ठि जातकांतील वर्णन. त्यांत शिष्यांचे दोन प्रकार येतात : आचार्यांस दक्षिणा आगाऊ देणारे व ती देऊं न शकणारे. दुसरे दिवसा आचार्यांच्या घरचें काम करीत व रात्रीं विद्या शिकत. पहिले घरच्या ज्येष्ठ पुत्रासारखे राहून शिकत. विषमता होती, यांत संशय नाहीं. पण गरिबासाठीं केलेली सोय कोणती, हें पाहा. त्यास अर्धी विद्या घेऊन अर्ध्या वाटेवरून परत जाण्याची सोय नव्हती. श्रम करून का होईना, विद्या पुरी होईपर्यंत राहण्याची होती.

जीवकाची कथाहि हेंच सांगते. विनयपिटकांतील महावग्गांत ती आहे. जीवक तक्षशिलेस सात वर्षें वैद्यक शिकला, आणि ह्या विद्येचा अंत केव्हां येणार असें त्यानें गुरूस विचारलें. गुरूनें त्यास कुदळ देऊन सांगितलें कीं, तक्षशिलेभोंवतीं एक योजन फिर आणि औषधी नाहीं असें जें दिसेल तें घेऊन ये. जीवक रिकाम्या हातानें परत आला, तेव्हां गुरु म्हणाला, तुझें शिक्षण झालें. आणि वाटखर्चासाठीं थोडेंसें देऊन त्यास निरोप दिला. शिष्यानें किती तास ऐकलें याचा हिशेब येथें नाहीं. त्यास काय दिसूं लागलें याची परीक्षा आहे. आयोगाच्या आराखड्याप्रमाणें एक श्रेयांक म्हणजे एका सत्रांत अध्यापनाचे पंधरा तास. लक्षावधि विद्यार्थ्यांच्या व्यवस्थेस असें कांहीं माप लागणारच, हें आम्हांस समजतें. पण तें माप तक्षशिलेच्या नांवानें विकूं नये.

तिसरा साक्षीदार नालंदा. आणि हा सर्वांत भरंवशाचा, कारण त्याच्याविषयीं समकालीनांचे लेख आणि ताम्रपट उपलब्ध आहेत. सातव्या शतकांत ह्युएनत्संग व इत्सिंग हे दोन चिनी यात्रेकरू तेथें राहून शिकले. इत्सिंग तर सुमारें दहा वर्षें. शब्दविद्या, शिल्पस्थानविद्या, चिकित्साविद्या, हेतुविद्या व अध्यात्मविद्या अशा पांच विद्या विद्वानास आवश्यक मानीत. येथें धोरणकर्त्यांचा पक्ष बळकट आहे, हें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. वैद्यक आणि तर्क, शिल्प आणि अध्यात्म हीं एकाच विद्येचीं अंगें मानण्याची दृष्टि तेथें होती.

पण ती दृष्टि कशावर उभी होती? इत्सिंग व्याकरणाच्या अभ्यासाचा क्रम देतो. मुलानें सहाव्या वर्षीं वर्णमाला घ्यावी, आठव्या वर्षीं पाणिनीचीं सूत्रें पाठ करावीं, आणि पंधराव्या वर्षीं वृत्ति हातीं घ्यावी. ती कळण्यास पांच वर्षें लागतात. पायाच एवढा खोल होता. शिवाय नालंदेच्या द्वारावर परीक्षा होई व बाहेरून येणाऱ्या दहांपैकीं सात-आठ परत जात, असें ह्युएनत्संग लिहितो. त्याच्या चरित्रकारानें दिलेली गणना तर फारच बोलकी आहे : वीस ग्रंथ समजावून सांगूं शकणारे सहस्र, तीस सांगूं शकणारे पांचशें, पन्नास सांगूं शकणारे सुमारें दहा, आणि सर्व ग्रंथांचा पारंगत एकटा शीलभद्र. विस्तार संस्थेचा होता. व्यक्तीच्या ठायीं तो खोलीच्या मागून, आणि फार थोड्यांस, येत असे. पंचविद्यांचा दरवळ संस्थेंत असल्यामुळें एकच विद्या शिकणाराहि इतर विद्यांच्या सहवासांत वाढे. हा लाभ खरा आहे. तो मिळविण्यासाठीं मात्र निरनिराळ्या विद्यांचे जाणते अध्यापक एका आवारांत असावे लागतात.

याच चरित्रकाराचें आणखी एक वाक्य आमच्या मतें ह्या सर्व चर्चेचा कणा आहे. राजानें सुमारें शंभर गांवांचें उत्पन्न विहारास लावून दिलें होतें, आणि त्या गांवांतील दोनशें घरें दररोज तांदूळ, लोणी, दूध पोंचवीत. त्यामुळें अन्न, वस्त्र, अंथरूण व औषध यांसाठीं विद्यार्थ्यांस कोणाकडे मागावें लागत नसे, आणि त्यांच्या विद्येच्या पूर्णतेचें मूळ हेंच, असें तो सांगतो. इत्सिंग गांवांची संख्या दोनशेंहून अधिक देतो. नवव्या शतकांतील देवपालाचा ताम्रपट ह्यास दुजोरा देतो. सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याच्या विनंतीवरून पालराजानें नालंदेस पांच गांवें दिलीं. आणि दानाचे हेतु सांगतांना भिक्षूंचें अन्न, वस्त्र, शय्या, रोग्यांचीं औषधें, ग्रंथांचें लेखन व विहाराची डागडुजी हीं एकेक करून नोंदलीं आहेत. समुद्रापलीकडील राजा गांवें देववून परक्या देशांतील विद्यार्थ्यांच्या औषधाची तरतूद करतो, यावरून विद्या कशानें टिकते हें त्या काळास किती स्वच्छ समजलें होतें, तें दिसतें.

आतां तीनहि साक्षीदारांचें म्हणणें एकत्र करूं. बाण सांगतो, विस्तारास दहा वर्षें लागलीं व राजाचें घर लागलें. तक्षशिला सांगते, गरिबासहि विस्तार मिळे, पण राहण्याची वाट काढून. नालंदा सांगते, विस्ताराचें मूळ शंभर गांवांच्या उत्पन्नांत होतें. बाहेर पडण्याच्या सोयीबद्दल तिघेहि एक अक्षर बोलत नाहींत. धोरणानें ज्यांस साक्षीला बोलावलें, ते विस्ताराच्या बाजूनें साक्ष देतात आणि त्याच दमांत मध्येंच सोडून जाण्याच्या सोयीविरुद्ध देतात. ही साक्ष अर्धीच लिहून घेणें न्यायाचें नाहीं.

हें केवळ ग्रंथांतील भांडण असतें तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. एका वर्षानंतरच्या दारानें बाहेर कोण पडेल, हा खरा प्रश्न आहे. आम्हीं तीन तपें शाळेंत संस्कृत शिकविलें. त्या काळांत मध्येंच शाळा सोडलेलीं मुलें आम्हांस आठवतात. त्यांत अभ्यासास कंटाळलेलीं थोडीं. कोणाचा बाप अंथरुणास खिळला, कोणाच्या बहिणीचें लग्न आलें, कोणाच्या शेतावर कर्ज झालें. मुलींच्या बाबतींत तर कारण विचारण्याचीहि सोय नसे. सधन घरचा मुलगा मध्येंच बाहेर पडत नाहीं. तो चारहि वर्षें राहील, संगीत आणि संख्याशास्त्र दोन्ही घेईल, आणि धोरणानें वर्णिलेला सर्वांगीण पदवीधर होईल. चाळीस श्रेयांक आणि उन्हाळ्यांतील चार श्रेयांकांचा एखादा व्यवसायाभ्यास एवढ्यावर प्रमाणपत्र घेऊन जाणारा दुसराच असेल. म्हणजे राजपुत्रास सर्व कला आणि सुताराच्या मुलास एक कसब, ही जुनी वांटणी नव्या नांवानें परत येण्याचा धोका आहे. ज्या परंपरेचा गौरव केला, तिच्यांतील दोषच तेवढा वारशानें यावा, यापरतें दुर्दैव कोणतें?

ह्यावर धोरणाच्या कैवाऱ्यांचें उत्तर आम्हांस ठाऊक आहे. पूर्वीं दोन वर्षें शिकून सोडणाऱ्याच्या हातीं कांहींच पडत नसे. आतां निदान पदविका पडेल, आणि तो पुन्हां परतूं शकेल. हें उत्तर पोकळ नाहीं. आराखड्याप्रमाणें तीन वर्षांच्या आंत परत येतां येतें व एकंदर सात वर्षांत पदवी पुरी करतां येते. रिकाम्या हातापेक्षां कागद बरा, यांत वाद नाहीं. परंतु बाहेर पडण्याचें दार बांधून दिलें म्हणजे आंत ठेवण्याची जबाबदारी संपली, असें मानण्याकडे व्यवस्थेचा कल होतो. पूर्वीं जें अपयश म्हणून नोंदलें जाई, तें आतां ‘निवड’ म्हणून नोंदलें जाईल. आणि ज्या दुःखाची नोंद होत नाहीं, त्यावर उपाय कोणी शोधीत नाहीं. दप्तरें वाचण्यांत ज्यांचा जन्म गेला, त्यांस शब्द बदलल्यानें वस्तुस्थिति कशी दडते हें सांगावयास नको.

विस्ताराविषयींहि आंकडे पाहावे. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यांत तीन वर्षांच्या पदवीस १२० श्रेयांक. त्यांत मुख्य विषयास किमान ६०, दुय्यम विषयास २४, आणि बहुविद्याशाखीय म्हणून इतर शाखांतील अभ्यासास ९. नऊ श्रेयांक म्हणजे १३५ तास, म्हणजे एकंदराच्या शेंकडा साडेसात. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें तेवढ्यांत संख्याशास्त्राची तोंडओळख करून घ्यावी, हें चांगलेंच आहे. आम्ही त्याचें स्वागत करतों. पण ही तोंडओळख आहे. तिला पंचविद्यांचें नांव देणें हें पडवीस वाडा म्हणण्यासारखें आहे. आणि ही ओळखहि करून द्यावयास अध्यापक लागतो. ज्या तालुक्याच्या महाविद्यालयांत मोजक्याच विषयांस अध्यापक आहेत, तेथील विद्यार्थ्यापुढें निवडीचा कागद कितीहि लांब ठेवला, तरी त्याची निवड अगोदरच झालेली असते.

आमच्या लिहिण्यावरून आम्ही विस्ताराचे शत्रु आहोंत असा समज कोणी करून घेऊं नये. १८५७ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें जीं विद्यापीठें निघालीं, तीं आरंभीं मुख्यतः परीक्षा घेणारीं होतीं. संलग्न महाविद्यालयें व ठराविक विषयांचे सांचे हा त्यांचा वारसा आहे. १९४८-४९ च्या राधाकृष्णन् आयोगानें सामान्य शिक्षणाची निकड सांगितली, तरी सांचा फारसा हलला नाहीं. पंधरा वर्षांत ही संलग्नतेची पद्धति टप्प्याटप्प्यानें बंद करावी, असें धोरण म्हणतें. तें आम्हांस मान्य आहे. आमच्या शास्त्रापुरतें बोलावयाचें तर एका मोडी कागदाची तिथि ठरविण्यास लिपि, फारसी शब्द, पंचांगाचें गणित आणि महसुलाची रीत हीं चारहि लागतात. एकाच कोठींत बसून इतिहास होत नाहीं.

याचें उदाहरण दूर शोधावयास नको. ज्या तक्षशिलेचें नांव धोरणांत आदरानें घेतलें आहे, तेथील आहत नाण्यांच्या निधीचा अभ्यास गोमंतकांत जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९४० च्या सुमारास केला. ते गणिताचे अध्यापक. नाणें हातोहात फिरतांना झिजतें. म्हणून हजारों नाण्यांचीं वजनें घेऊन, झिजेचें प्रमाण संख्याशास्त्रानें काढून, त्यांनीं नाण्यांच्या गटांचा कालक्रम लावण्याची रीत दाखविली. त्याच पुरुषानें १९४८ सालीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति प्रसिद्ध केली. त्यांच्या मतांशीं आमचे मतभेद कितीहि असोत, बहुविद्या म्हणजे काय तें येथें दिसतें. हार्वर्ड विद्यापीठांत, जेथून ते १९२९ सालीं पदवीधर झाले, गणिताबाहेर अनेक भाषा शिकण्याची मोकळीक त्यांस मिळाली होती, हें धोरणाच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. पण नाण्याचें वजन बोलकें झालें तें गणिताच्या खोल व्यासंगामुळें. आणि पालि पंडिताच्या घरीं वाढलेल्या त्या विद्यार्थ्यास शिक्षण पुरें होईपर्यंत राहतां आलें, हेंहि विसरूं नये.

तेव्हां आमचें मागणें काय? तें थोडें आहे आणि परंपरेस धरून आहे. धोरणांत दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांस आर्थिक साहाय्य द्यावें, शिष्यवृत्त्या वाढवाव्या, खासगी संस्थांनीं फी-माफी द्यावी, असें म्हटलें आहे. परंतु दारांचीं वर्षें व श्रेयांक जसे नेमके नोंदले, तशी ह्या साहाय्याची रक्कम कोठें नोंदलेली नाहीं. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, हें वचन कोठारी आयोगाच्या काळापासून, म्हणजे १९६६ पासून, चालत आलें आहे. ह्या धोरणानें तें पुन्हां उच्चारलें, आणि त्याच पानांत तेव्हांचा सरकारी खर्च ४.४३ टक्क्यांच्या आसपास असल्याचें कबूल केलें. नालंदेचा वारसा सांगावयाचा तर शंभर गांवांचा सांगावा. वसतिगृह, भोजन, पुस्तकें आणि औषध यांची तरतूद प्रथम लिहावी, मग दारें मोजावीं. दुसरें, प्रत्येक विद्यापीठानें दरवर्षीं पहिल्या व दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची संख्या, त्यांतील मुली किती, कोणत्या घरांतील किती, आणि परत आले किती, हें प्रसिद्ध करावें. ही नोंद झाली तर पन्नास वर्षांनीं ह्याच त्रैमासिकांत कोणीतरी ती वाचून खरें काय घडलें तें सांगूं शकेल. ती झाली नाहीं तर त्यासहि आमच्यासारखें कथांवरून अनुमान करीत बसावें लागेल.

तिसरें मागणें किरकोळ आहे. पुढील आवृत्तींत कादंबरीचा उल्लेख ठेवावयाचा असेल तर मूळ उतारा कोणा जाणत्याकडून वाचवून घ्यावा आणि चौसष्ट हा आंकडा वात्स्यायनास परत करावा.

असो. पूर्वजांची साक्ष काढणें हा मान आहे, तसें तें ऋणहि आहे. त्यांनीं विद्येच्या दारावर परीक्षा ठेविली, पण एकदां आंत घेतलेल्यास उपाशी ठेविलें नाहीं. आम्ही दार रुंद करीत आहोंत, हें योग्यच आहे. मात्र तें आंत येण्यासाठीं रुंद होत आहे कीं बाहेर जाण्यासाठीं, हें येत्या कांहीं वर्षांच्या पटावरून ठरेल, धोरणाच्या प्रस्तावनेवरून नव्हे.